जागा बघून दिलेली फुलं

सिस्टर कुणालाही फुलं देण्याआधी एकच प्रश्न विचारत, "ठेवणार कुठे?"

मागणाऱ्याच्या घरी साखरपुडा असो, बारसं असो, नाहीतर कुणी इस्पितळातून घरी आलेलं असो, प्रश्न ठरलेला. उत्तराने समाधान झालं नाही तर त्या पायात चपला सरकवून त्या घरी जात, उजेड कुठून येतो ते बघत, पंखा कुठे आहे ते बघत, आणि मगच परत येऊन बादली उचलत. आमच्या समोरच्या ओळीतल्या शिंदेकाकूंनी लेकीच्या साखरपुड्यासाठी गुच्छ मागितला, तेव्हा सिस्टर त्यांच्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे जागाच नाही. आधी तो प्लॅस्टिकचा ताजमहाल हलवा." काकूंना राग आला. पण ताजमहाल कपाटावर गेला, आणि टीव्हीशेजारच्या त्या रिकाम्या कोपऱ्यात सिस्टरांनी पांढरे ॲस्टर आणि गवती चहाची पाती अशी काही लावली की नवऱ्याकडची मंडळी पोहे खाता खाता तिकडेच बघत राहिली. ताजमहाल अजून कपाटावरच आहे.

"गुच्छ माणसाला द्यायचा नसतो गं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "माणूस काय, हातात घेतो आणि थँक्यू म्हणतो. गुच्छ जागेला द्यायचा. मग त्या जागेत जो येईल त्याचा तो."

चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये बैठ्या घरांच्या ओळी आहेत. आता बैठी म्हणायची इतकंच, कारण ज्याने त्याने वर एकेक, दोनदोन मजले चढवले आहेत. सिस्टरांचं घर ओळीच्या टोकाचं. त्यांनी वर काही चढवलं नाही. घराच्या कुशीला चार पावलं रुंद आणि पंचवीसेक पावलं लांब अशी मातीची पट्टी होती, तीच त्यांनी वाढवली. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ वारला होता, त्याची मुलगी वैशाली मुलुंडला असायची, ती अधूनमधून येई. बाकी दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं नाव विजया आहे हे मला एकदा चुकून आमच्या दारात पडलेल्या विजेच्या बिलावरून कळलं, तेव्हा दुसऱ्याच कुणाचं बिल वाचल्यासारखं वाटलं.

आमच्या सगळ्यांच्याच दारात जास्वंद, तगर, तुळस होती; ती देवाची. सिस्टरांची बाग कापायची बाग होती. तिथलं प्रत्येक झाड लांब, सरळ दांड्यासाठी वाढवलेलं असायचं. झेंडू, झिनिया, ॲस्टर, लालभडक कोंबडा, गुलछडी, कडेला ओलीत सोनटक्का. आणि गावाकडे ज्याला कुणी विचारत नाही तो रानातला कुर्डू, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा, त्यांनी कुठून तरी बी आणून मुद्दाम लावलेला. पेरणी आषाढात, फुलं घटस्थापनेपासून. त्रिपुरी पौर्णिमेला हंगाम संपला. त्यानंतर वर्षभर कुणी कितीही गळ घातली तरी त्या गुच्छ करत नसत.

"पावसातलं फूल पाणी पिऊन फुगलेलं असतं," त्या सांगत, "आणि उन्हाळ्यातलं दमलेलं. शरदातलं फूल शहाणं. त्याला माहीत असतं आपल्याला किती दिवस आहेत ते."

फुलं कापायची ती उन्हं यायच्या आत. तोडायची नाहीत, कापायची. कुणी 'तोडली' म्हटलं तर त्या दुरुस्त करत. थिएटरमधल्यासारखी बाकदार टोकाची एक कात्री होती, ती आधी उकळून घ्यायच्या. दांड्याला तिरका काप, पाण्याखाली येणारं एकूण एक पान काढलेलं, आणि मग दोन तास बादलीत, अंधाऱ्या मोरीत. "आणलं की लगेच कामाला लावायचं नाही. पेशंट आला की आधी झोपवतो ना आपण?" शेजारपाजारच्या बायका ओट्यावर बसून हे बघत. हसत, पण घरी जाऊन फुलदाणीतली पानं काढत.

नवरात्र मंडळाचे सेक्रेटरी एकदा प्रमुख पाहुण्यांसाठी गुच्छ मागायला आले. सिस्टरांनी विचारलं, "ठेवणार कुठे?" ते गोंधळले. म्हणाले, "ठेवणार म्हणजे... त्यांच्या हातात देणार." सिस्टर म्हणाल्या, "हातात दोन मिनिटं, खुर्चीखाली दोन तास, आणि मग गाडीच्या डिकीत. माझी फुलं काही गुन्हेगार नाहीत." सेक्रेटरींनी स्टेशनवरून सोनेरी कागदातला गुच्छ आणला. त्याच संध्याकाळी देवीच्या मूर्तीपाठी, जिथे फक्त आरतीची तबकं पुसणाऱ्या बायका बसतात, तिथे पाण्याच्या तांब्यात झिनियाची फुलं होती. कुणी ठेवली ते सगळ्यांना कळलं.

सिस्टरांचं आणि आमच्या बाबांचं मात्र मुळीच पटत नसे. बाबा चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होते. आजोबा गिरणीत, गाव कणकवलीकडे. एरवी बाबा मुंबईचं मराठी बोलत, पण रागावले की सरळ मालवणीत उतरत. आमची आणि सिस्टरांची भिंत लागून. त्या बागेसाठी शेंगदाण्याची पेंड ड्रममध्ये चारचार दिवस भिजवत आणि मासे धुतलेलं पाणीही त्यात ओतत. ड्रम ढवळला की आमच्या स्वयंपाकघरात बसवत नसे.

"माणसाक जेवूक तरी देतत काय नाय?" बाबा ताटावरून ओरडत.

भिंतीपलीकडून थंडपणे उत्तर येई, "परब, वास चार दिवस येतो. फुलं चाळीस दिवस."

"फुलं तुम्हाला, वास आम्हाला!"

प्रकरण सोसायटीच्या कमिटीपर्यंत गेलं. ड्रमला घट्ट झाकण लावायचं असं ठरलं. सिस्टरांनी झाकण लावलं आणि आमच्याशी बोलणं सोडलं. दोन वर्षं रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघं इकडेतिकडे बघत. आईला ते फार लागायचं. ती चोरून त्यांच्याकडे सोलकढी पाठवायची, आणि रिकामं भांडं परत येताना त्यात एखादा सोनटक्का असायचा. बाबांना तो देवापुढे दिसला की ते काही विचारत नसत.

त्या वर्षी गणपती गेले आणि दोन दिवसांनी बाबा आंघोळीला जाता जाता दारातच कोसळले. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा थांबला होता. चौदा दिवस इस्पितळात होते. जीव वाचला, बोलणंही राहिलं, पण डावा हात आणि डावा पाय गेला. सर्वपित्री अमावस्येला आम्ही त्यांना घरी आणलं. मी तेव्हा वांद्र्याला नोकरी करत होते, महिन्याभराची रजा टाकली.

हातापायाचं आम्हाला सांगितलं होतं. दुसरी जी गोष्ट होती, ती बहुधा सांगितलीही असेल, पण त्या गडबडीत आमच्या डोक्यात शिरली नव्हती. पहिल्या सकाळी मी बाबांपुढे आरसा धरला. त्यांनी उजव्या हाताने दाढी केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "झाली." अर्धीच झाली होती. डाव्या गालावर फेस तसाच. मला वाटलं, दमले असतील. दुपारी आईने ताट वाढलं. उजवीकडे भाजी, मधे भात, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. त्यांनी भाजी संपवली, भाताचा उजवीकडचा अर्धा भाग संपवला आणि विचारलं, "चटणी वाढूक नाय?"

चटणी ताटातच होती. आईने बोट दाखवलं, तरी त्यांची नजर ताटाच्या मध्यापर्यंत येऊन थांबायची, जणू पुढे भिंत होती. आई पदर तोंडाला लावून आत गेली. इतकी वर्षं ती त्यांच्या डाव्या हाताला बसून जेवली होती. आता तिथे बसलेली ती त्यांना दिसतच नव्हती.

दुसऱ्या माळेच्या दिवशी सिस्टर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. दारात चपला काढल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहून बाबांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हाक मारली, "परब." बाबा समोर बघत राहिले. त्या वळसा घालून उजवीकडे आल्या. "परब."

"अरे, सिस्टर! या, बसा," बाबा म्हणाले, जणू त्या आत्ताच आल्या होत्या. दोन वर्षांचा अबोला आजाराबरोबर कुठे गेला कोण जाणे.

सिस्टर मला बाहेर घेऊन आल्या. "ताटातलं डावीकडचं टाकतात का?"

मी नुसती मान हलवली. मला रडू आवरेना.

"रडायचं नंतर. डोळे चांगले आहेत त्यांचे. फक्त डावी बाजू आहे हेच मेंदू विसरलाय. त्याला आठवण करून द्यायची. डॉक्टरांना पुन्हा भेट, व्यायाम नीट लिहून घे. आणि घरात आजपासून चहा डावीकडून, बोलणं डावीकडून, टीव्ही डावीकडे. ते चिडतील. चिडू देत."

संध्याकाळी त्या गुच्छ घेऊन आल्या. पिवळे झेंडू, लाल कोंबडा, मधे काहीच नाही. इतका भडक गुच्छ मी त्यांच्या हातून कधी पाहिला नव्हता. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "हा शोभेचा नाही, कामाचा आहे." त्यांनी तो स्टुलावर बाबांच्या बरोबर समोर ठेवला. बाबांना दिसला. "छान," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी स्टूल वीतभर डावीकडे सरकवलं. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर. रोज सकाळी येत, फुलं बदलत, पाणी बदलत, आणि बाबांना विचारत, "आज कोंबडे किती?" बाबा मोजत. समोर होतं तोवर पाच म्हणाले. मग चार. मग दोन, गुच्छात सहा असताना. चुकलं की सिस्टर 'चूक' म्हणत नसत. "पुन्हा मोजा," एवढंच. बाबा वैतागत. एकदा त्यांनी उजव्या हाताने चहाचा कप भिरकावला. सिस्टरांनी काचा उचलल्या आणि म्हणाल्या, "छान फेकला. आता मोजा."

मी आईला म्हणाले, "ह्या फुलांनी काय होणार आहे?" आई म्हणाली, "निदान कुणीतरी रोज येतंय."

अष्टमीच्या सकाळी झेंडूही नाही, कोंबडाही नाही. सिस्टरांनी गुलछडीचे दहाबारा दांडे आणले होते, आणि ते त्यांनी बाबांच्या डाव्या खांद्यालगत, अगदी उशीशेजारच्या फळीवर ठेवले. बाबा अजून डोळे मिटून होते. आम्ही तिघी थांबलो.

बाबांनी डोळे उघडले. श्वास घेतला. "गुलछडीचो वास येता," ते म्हणाले. "फुला खय आसत?"

"शोधा," सिस्टर म्हणाल्या.

बाबांनी उजवीकडे पाहिलं. खिडकी, कपाट, दार, पुन्हा खिडकी. "हयसर नाय दिसनत. तुमीच सांगा."

"मी नाही सांगणार. मी आपली वासवाली. फुलं तुमची तुम्ही बघा."

बाबा हसले. मग पुन्हा शोधू लागले. मान मध्यापर्यंत यायची आणि थांबायची. मी नकळत पुढे झाले, तर सिस्टरांनी माझं मनगट घट्ट धरलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. वास खोलीभर होता आणि बाबा नाक वर करून लहान मुलासारखे हुंगत होते. आणि मग त्यांची मान मध्य ओलांडून पुढे गेली. गंजलेला नट फिरतो तशी, थोडी, मग अडली, मग आणखी थोडी. ती पांढरी फुलं त्यांच्या नाकासमोर आली. बाबांनी उजवा हात छातीवरून पलीकडे नेला आणि एका दांड्याला बोट लावलं.

"ही हयसरच होती?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि त्याच्या पलीकडे बघा कोण आहे," सिस्टर म्हणाल्या.

पलीकडे आई उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, नीट, डोळ्यांत. आई भिंतीला टेकून खाली बसली. सिस्टर बाहेर गेल्या आणि आमच्या अंगणातल्या नळाखाली त्यांची कात्री धुत राहिल्या. ती आधीच स्वच्छ होती.

एका सकाळीत सगळं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा विसरले, परवा पुन्हा आठवलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही चालूच होते, आणि कशाने किती फरक पडला हे मी सांगू शकणार नाही. पण दिवाळीच्या फराळाच्या ताटात डावीकडे काही उरलं नव्हतं. त्रिपुरी पौर्णिमेला बाबा काठी टेकत सिस्टरांच्या ओट्यापर्यंत गेले. डावा हात मात्र परत आला नाही. तो खिशात ठेवायचा असतो, अशी त्यांनी त्याला सवय लावली.

पुढची वर्षं बाबांची सकाळ सिस्टरांच्या बागेत जायची. त्या कापायच्या, बाबा दगडावर बसून सूचना करायचे. सूचना त्या ऐकत नसत. ड्रमचं झाकण आता बाबाच उघडून बघत आणि पेंड पुरेशी भिजली की नाही यावर मत देत. आई म्हणायची, "आता तुमका वास येणा नाय?" बाबा म्हणायचे, "चार दिवस तर येतो. मग फुलं."

मग एका नवरात्रात मी शिंदेकाकूंकडे गेले होते. त्यांच्या कोपऱ्यात सिस्टरांचा गुच्छ होता. मी बघतच राहिले. फुलं एकमेकांवर कोंबलेली, दोन दांडे मोडलेले, आणि पाण्याखाली पानं. काकू हळूच म्हणाल्या, "काही बोलू नकोस गं त्यांना. कप धरतानाही हात थरथरतो हल्ली."

मी तशीच सिस्टरांकडे गेले. "मी सकाळी येत जाऊ का? मदतीला?" त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं. "तुला ऑफिस नाही का?" त्या म्हणाल्या, आणि दार लागलं. स्वतःच्या हातांना कंपवात झालाय हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं, असं पुढे वैशालीने सांगितलं. ज्या हातांनी तीस वर्षं टेबलावर एकही अवजार चुकीचं दिलं नाही, ते हात. त्यानंतर त्यांनी गुच्छ करणंच थांबवलं. बागेत झिनिया फुलून फुलून झाडावरच काळा पडू लागला. येणारेजाणारे भिंतीशी थबकत, आणि पुढे जात.

एका रविवारी सकाळी मला बागेतून बाबांचा आवाज ऐकू आला. मी भिंतीवरून पाहिलं. बाबांच्या उजव्या हातात ती बाकदार कात्री होती आणि सिस्टर त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभ्या होत्या.

"दांडा धरा," बाबा म्हणाले.

"हात थरथरतो माझा."

"थरथरू दे. धरून तर राहतो ना? माझा तर धरीतच नाही."

सिस्टरांनी बाबांच्या खिशातल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे आणले आणि एक दांडा धरला. फूल वाऱ्यात असल्यासारखं हलत होतं. बाबांनी कात्री चालवली.

"आखूड कापलंत!"

"तुम्ही हलताय."

"मी हलतेय ते दिसतंय ना? मग त्या हिशोबाने कापा. फिटर ना तुम्ही?"

एका गुच्छाला दीड तास लागला. भांडण, पानं काढणं, पुन्हा भांडण. गुच्छ तयार झाला तेव्हा दोघं घामाने भिजले होते, ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. सिस्टर दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "परब, आपल्या दोघांचे मिळून दीड हात."

"दीड तर दीड. पुष्कळांकडे दोन असतात, ते काय उजेड पाडतात?"

सिस्टर मोठ्याने हसल्या. तो गुच्छ शिंदेकाकूंकडे गेला. आधीचा काढून आणायला त्यांनी बाबांनाच पाठवलं.

असे दोन हंगाम त्यांनी दीड हाताने काढले. तिसऱ्या वर्षी वैशाखात एका सकाळी बाबा नेहमीसारखे बागेत गेले, तर सिस्टर वाफ्यात आडव्या पडलेल्या. पहाटे पाय अडखळला होता, उठता येत नव्हतं, आणि हाक मारण्याइतका आवाज उरला नव्हता. तासभर तरी तशा पडून होत्या. हाड मोडलं नव्हतं. खुर्चीवर बसवल्यावर त्यांनी पाणी मागितलं, मग फोन मागितला, आणि वैशालीला स्वतः सांगितलं, "मला घेऊन जा. आता एकटीने राहणं म्हणजे निष्काळजीपणा आहे. दुसऱ्या कुणाला मी राहू दिलं नसतं."

जाताना त्यांनी बाबांच्या हातात एक पुठ्ठ्याचा डबा दिला. आत औषधाच्या दुकानात गोळ्या देतात तसली कागदी पाकिटं होती, आणि प्रत्येकात बी. वर वेडंवाकडं, हललेलं अक्षर: कुर्डू, उशिरा. ॲस्टर, उथळ. झिनिया, सरळ जागेवर.

"सगळं लिहिलंय. विचारायला फोन करू नका, मला फोनवर फार बोलता येत नाही हल्ली."

"बरं," बाबा म्हणाले. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते रस्त्यातच उभे होते.

घर वैशालीने भाड्याने दिलं. भाडेकरू चांगले आहेत, पण त्यांच्या तीन दुचाक्या आहेत आणि त्या त्या पट्टीतच उभ्या राहतात. बाबांनी आमच्या अंगणातल्या लाद्या उखडून घेतल्या. आई आठ दिवस बोलली नाही, नवव्या दिवशी तिनेच पेंड भिजवली.

त्या शरदात, दसरा झाल्यावरच्या रविवारी, आम्ही मुलुंडला गेलो. बाबांनी पहाटे अंगणातलं होतं नव्हतं ते सगळं कापलं होतं. टॅक्सीत पूर्ण वेळ बादली दोन पायांत धरून बसले होते, गाडीला धक्का बसला की ड्रायव्हरवर मालवणीत उखडत. वैशालीने फोनवर सांगून ठेवलं होतं की ह्या आजारात चेहरा ताठरतो, हसू आतून आलं तरी बाहेर पोचत नाही, वाईट वाटून घेऊ नका. तरी मला वाईट वाटलं. नवव्या मजल्यावरच्या खोलीत सिस्टर उशांना टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा होता.

बाबांनी गप्पा मारल्या नाहीत. खुर्ची पलंगाजवळ ओढली, मला दांडे धरायला सांगितले आणि कामाला लागले. पाऊण तास. झिनिया, झेंडू, ॲस्टर, कुर्डूचे तुरे, आणलेलं एकही फूल त्यांनी मागे ठेवलं नाही. सिस्टर त्यांच्या हाताकडे बघत होत्या, निदान नजर तिकडे होती.

"कसा झालाय, सिस्टर?" बाबांनी विचारलं.

काहीच नाही. वैशाली हलकेच म्हणाली, "आत्या आता फारसं बोलत नाही, काका. महिना झाला."

बाबा थांबून राहिले. सिस्टरांचे ओठ हलले. आवाज आला तो वाऱ्यासारखा, पण शब्द स्वच्छ होते.

"गर्दी झालीय."

बाबांचा चेहरा असा फुलला की मी तो विसरणार नाही. त्यांनी एक झेंडू उपसला. "आता?" सिस्टर बघत राहिल्या. दुसरा उपसला. "आता?" ॲस्टर काढले, कुर्डूचा एक तुरा काढला. सातवं फूल निघालं तेव्हा सिस्टरांनी डोळे सावकाश मिटले आणि उघडले. बाबांनी कात्री खाली ठेवली. वैशाली खिडकीकडे तोंड करून उभी होती.

परतताना बाबा रिकामी बादली पायांत धरून बसले होते. पवई आली तेव्हा म्हणाले, "बरोबर होतं त्यांचं. गर्दीच झाली होती."

पुढच्या पावसाळ्यात, श्रावण लागला त्या आठवड्यात, वैशालीचा फोन आला. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या. आम्ही मुलुंडला जाऊन आलो. स्मशानात रुग्णालयातल्या जुन्या सहा-सात जणी आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या केसांच्या. त्या एकमेकींना अजून सिस्टर म्हणत होत्या, आणि त्या प्रत्येक हाकेला बाबा वळून बघत होते.

दुपारी घरी येऊन बाबांनी आंघोळ केली. आईने चहा ठेवला, तर नको म्हणाले आणि काठी घेऊन अंगणात गेले. बारीक पाऊस होता. झेंडूची रोपं वीतभर झाली होती. ह्या वयात रोपाचा शेंडा खुडावा लागतो. नाही खुडला तर झाड सरळ वर जातं आणि एकुलतं एक फूल देऊन बसतं, खुडला तर फांद्या फुटतात. हे काम त्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. बाबा पाटावर बसले आणि एका हाताने, एकेक रोप दोन बोटांत धरून, शेंडे खुडू लागले. मी छत्री घेऊन गेले, तर मानेनेच नको म्हणाले. एक वाफा संपला की पाट सरकवायचे आणि पुढच्याला हात घालायचे. डोळे पुसत नव्हते, पावसात पुसायची गरजही नव्हती.

शेवटचं रोप झाल्यावर ते काठीवर भार देऊन उठले, हाताला लागलेला हिरवा वास हुंगून बघितला आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत येतील."